एकाच काट्यावर दोघी

थोरलीची पाळी गेली ती काही सांगूनसवरून गेली नाही. आधी एकदा चुकली, मग आली, मग काही महिने हुलकावण्या दिल्या, एकदा तोंड दाखवलं, आणि त्यानंतर गेली ती गेलीच. अजून चाळिशी लागायची होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं अशा दवाखान्यात जाऊन तिने रक्त तपासून घेतलं. तिथल्या बाईंनी चष्मा काढून सांगितलं की काही बायकांचं लवकर आटोपतं, घाबरण्यासारखं काही नाही, हाडांकडे तेवढं लक्ष ठेवा. थोरली घाबरली नाही. ती बाहेर येऊन बसथांब्यावर बसली, आणि तिची बस आली तेव्हा उठलीच नाही. त्यानंतरची आली तेव्हा उठली.

सांगणार कुणाला? आई कधीच गेलेली. धाकटी बहीण मुलांच्या शाळेत आणि सासूच्या आजारपणात गळ्यापर्यंत बुडालेली. फोनवर 'कशी आहेस' विचारायची आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचं सांगत सुटायची. पूर्वी ती 'लग्नाचं काय, मुलाबाळांचं काय' म्हणून तरी छळायची. हल्ली तेही बंद झालं होतं. ते बंद झाल्याचं थोरलीला बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं.

थोरली हे तिचं नौकाघरातलं नाव. ती नाव वल्हवायची. सुट्टीच्या दिवशी हौसेने तळ्यात फेरी मारतात तसं नव्हे. शर्यतीची नाव, जेमतेम माणूस मावेल एवढी अरुंद, जरा चुकीचं शिंकलात तर पाण्यात. अर्धं आयुष्य तिने त्या तळ्यावर घातलं होतं. संघातल्या मुली येत, लग्न करून जात, नोकऱ्या धरून जात, आणि थोरली आपली धक्क्यावर हजर. एवढं करून मोठ्या शर्यतीत ती एकदाही उतरली नव्हती. दरवेळी राखीव. राखीव म्हणजे दुसरीचा पाय मुरगळण्याची वाट बघायची आणि तो मुरगळू नये अशी प्रार्थनाही करायची, मग काठावर उभं राहून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायच्या. हा तिचा शेवटचा मोसम होता. हे तिला माहीत होतं, संघाला शिकवणाऱ्या सरांना माहीत होतं, आणि दोघांनीही ते तोंडातून काढलं नव्हतं.

आता पट्ट्यांची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. संघाला एक नवी डॉक्टर मिळाली होती. हुशार पोरगी, मनानेही चांगली. तिचं म्हणणं असं की बाईचं अंग महिनाभर एकसारखं नसतं. कुणाला पाळीच्या दिवसांत पोटात कळा येतात, कुणाला त्याच दिवसांत हलकं वाटतं. पाळी येण्याआधीचे दिवस कुणाला जड जातात, झोप लागत नाही, अंग तापतं. आणि पाळी सरल्यावर पुष्कळजणींना आपण डोंगर उचलू असं वाटतं. मग सगळ्यांना एकाच काठीने का हाकायचं? तिने प्रत्येकीला मनगटावर बांधायच्या चार रंगांच्या पट्ट्या दिल्या. पाळी चालू असली की लाल, सरली की हिरवी, मधल्या दिवसांत पांढरी, येऊ घातली की पिवळी. रंग बघून सर कसरत वाटून देणार. ज्या सरांना पूर्वी 'पाळी' हा शब्द ऐकला की आभाळात ढग शोधावे लागत, ते आता सकाळी धक्क्यावर उभे राहून 'पिवळ्या इकडे, हिरव्या वजनं उचलायला' असं भाजीवाल्याच्या थाटात ओरडू लागले. हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं मात्र. मुलींना दुखापती कमी होऊ लागल्या, कोपऱ्यात जाऊन गुपचूप गोळ्या गिळणं थांबलं, आणि नावाही पुढे जायला लागल्या.

डॉक्टरच्या हिशेबात एकच गोष्ट राहून गेली होती. या बाबतीत कुणी खोटं बोलेल असं तिला वाटलंच नव्हतं.

थोरली खोटं बोलली. चारांपैकी एकही रंग आता तिचा नव्हता आणि पाचवा रंग डॉक्टरने आणलाच नव्हता. बिनपट्टीचं मनगट घेऊन जायचं तर कारण सांगावं लागणार. मागे एका जुन्या खेळाडूबद्दल सर हळहळून म्हणाले होते, "गाडी उताराला लागली तिची." ते वाक्य थोरलीने ऐकलं होतं आणि ते तिच्या मनातून जात नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिने मूठ झाकली. पण बांधायचा तरी कोणता रंग, आणि किती दिवस? मनानेच बांधायला गेलं तर एखाद्या दिवशी चूक होणार. म्हणून तिने एक सोपा मार्ग काढला. संघाच्या वसतिगृहात तिच्याच खोलीत राहणाऱ्या पोरीचं बघून ती बांधू लागली.

ती पोरगी म्हणजे संघातलं शेंडेफळ, आणि तेच तिचं नावही पडलं होतं. थोरलीच्या निम्म्या वयाची. लांबून कुठून तरी आलेली. घरी आई, बाप आणि बापाचं दुकान. ती लाल बांधायची, की दुसऱ्या दिवशी थोरली लाल. ती हिरवी, की थोरली हिरवी. कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं, कारण एका खोलीत राहणाऱ्यांची पाळी एकत्र येते असं बायका म्हणतातच. डॉक्टर म्हणायची की त्यात फारसं तथ्य नाही, पण मुली तिचं ऐकत नव्हत्या. 'मायलेकी आल्या बघा' म्हणून चिडवायच्या. त्या चिडवण्याने थोरलीला आतून कसं व्हायचं, ते कुणाला दिसत नव्हतं.

आणि मग सरांनी, दोघींचे रंग बरोबर चालतात, म्हणजे दोघींची ताकद एकाच वेळी चढते-उतरते, असा विचार करून त्यांना एका नावेत बसवलं. हलक्या वजनाची, दोघींची नाव. थोरलीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. खोट्याच्या बळावर का होईना, राखीवच्या बाकावरून ती उठली होती. आणि गंमत म्हणजे नाव खरोखर चालली. वल्हवणाऱ्यांची पाठ जिकडे जायचं तिकडे असते. शेंडेफळ वेग धरायची आणि थोरली तिच्या मागे, तिच्या पाठीकडे बघत, अधूनमधून मान वळवून दिशा सांभाळायची. थोड्याच आठवड्यांत त्या पाठीचा मणका न् मणका तिला पाठ झाला. पोरगी कधी श्वास घेणार हे पोरीच्या आधी तिला कळायचं. इतक्या वर्षांत इतक्या जवळून तिने दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकला नव्हता.

हलक्या नावेचा नियम असा की दोघींचं मिळून वजन ठरलेल्या आकड्याच्या आत हवं. सर दोघींना एकाच वेळी काट्यावर उभं करायचे. नावा तोलायचा मोठा काटा होता, त्यावर दोघी दाटीवाटीने, एकमेकींच्या खांद्याला धरून. एकेकीला तोललं की 'तुझ्यामुळे, तुझ्यामुळे' म्हणून पोरी भांडतात, रडतात, हा सरांचा अनुभव. नाव एक तर वजनही एक, असं ते म्हणायचे. म्हणायला शहाणपणाचंच होतं. काटा दर आठवड्याला तेच दाखवायचा, सर मान डोलवायचे, आणि दोघी खाली उतरायच्या.

थोरली खाली उतरताना सुटकेचा श्वास टाकायची, कारण तिचं अंग सुटायला लागलं होतं. खाणं तेच, कसरत तीच, तरी कमरेभोवती चोरपावलांनी काहीतरी साठत होतं. रात्री अंगाचा भडका उडायचा, चादर भिजायची, आणि सकाळी पोरीच्या हिरव्या पट्टीमागून हिरवी बांधून ती न झोपलेल्या अंगाने वजनं उचलायची. तरीही काटा जागचा हलत नाही म्हटल्यावर तिला वाटलं, माझाच भ्रम असेल. माणसाला जे हवं असतं ते पटायला वेळ लागत नाही.

शेंडेफळ हल्ली जेवताना आपली अंडी उचलून थोरलीच्या ताटात ठेवायची. "तुम्ही घ्या, ताई, मला नाही आवडत," म्हणायची. थोरली खायची. एवढ्या वर्षांत कुणी आपल्या ताटातलं काढून तिला दिलं नव्हतं, म्हणून ती ते जास्तच मन लावून खायची.

एकदा तर वेगळीच मजा झाली. दोघींची पिवळी पट्टी सुटेचना. शेंडेफळ लाल कधी बांधते म्हणून थोरली वाट बघतेय, आणि शेंडेफळ आपली पिवळीच. डॉक्टरने हसत विचारलं की मायलेकींनी पिवळ्याला चिकटून राहायची शपथ घेतली आहे का. शेवटी थोरलीचा धीर सुटला, तिनेच लाल बांधली, आणि दुसऱ्या दिवशी शेंडेफळाच्या मनगटावरही लाल. थोरलीने मनात म्हटलं, चला, नशिबाने वेळ जमली. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. पण खोलीत दुसराही चोर असेल हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

मोठ्या शर्यतीसाठीची निवड ठरवणारी शर्यत आठवड्यावर आली तेव्हा थोरलीला पोरीच्या पाठीत फरक दिसला. डाव्या बाजूला वल्हं ओढताना पाठ मध्येच थबकायची, श्वास अर्ध्यावर तुटायचा. विचारलं तर 'लचक भरलीय'. त्याच दिवशी सराव संपवून धक्क्याला लागल्यावर पोरगी नावेतून उठली आणि कूस धरून तिथेच फळ्यांवर बसली, उठता येईना. बाकीच्या मुली अजून पाण्यावर होत्या. थोरलीने तिला सरळ उचललं. रोज नाव खांद्यावर घेणारी बाई. कशाचं वजन किती असायला हवं, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. पोरीला उचलताना तिने जेवढा जोर लावला, त्यातला बराचसा वाया गेला. पोरीच्या अंगात काही उरलंच नव्हतं.

खोलीत आणून खाटेवर ठेवल्यावर तिने दार लावून घेतलं आणि पोरीचा सदरा वर केला. बरगड्या एकेक दिसत होत्या. थोरलीने खाली बसून विचारलं, "केव्हापासून उपाशी आहेस?"

"उपाशी नाही. थोडं कमी खाते."

"केव्हापासून?"

"नाव मिळाली तेव्हापासून." शेंडेफळ भिंतीकडे बघत बोलत होती. "तुमचं वजन वाढत होतं ना, ताई. काट्यावर तुम्ही श्वास आत ओढून उभ्या राहायचात, तेव्हाच मला कळलं. एकीचं वाढलं तर दुसरीने कमी करायचं, एवढंच. नाहीतर तुम्हाला काढलं असतं."

ताटातली सगळी अंडी थोरलीला आठवली. मग तिने विचारलं, "पाळी येते का तुझी?"

पोरीने मान हलवली. नाही.

"मग पट्टी कशी बांधायचीस?"

"तुमचं बघून."

थोरली आधी हसली. हसू आवरेना, पोट धरून खाली फरशीवर बसली, आणि मग ते हसू हसू राहिलं नाही. शेंडेफळ घाबरून बघत राहिली. डोळे पुसून थोरली म्हणाली, "अगं, मी तुझं बघून बांधत होते."

"म्हणजे तुमचीपण येत नाही?"

"माझी गेली."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? संपली, बाई. कायमची."

हे वाक्य तिने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं, आणि ऐकायला एक पोरगी होती, जिला त्याचा अर्थ पुरता कळलाही नव्हता. पण सांगितल्यावर बरं वाटलं, हे खरं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत थोरलीला एकटं वाटलं नाही.

मग शेंडेफळ विनवण्या करू लागली. आठवडाभराचा तर प्रश्न, शर्यत झाली की डॉक्टरला सगळं सांगू, तोवर अळीमिळी गुपचिळी. आणि थोरली 'बरं' म्हणाली. तिला दोष द्यायचा तर इथे द्या. पट्ट्यांचं खोटं तिने भीतीपोटी केलं, पण हे 'बरं' तिने धडधडीत हावेने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नाव कधी नव्हे इतकी वेगात गेली. सरांनी काठावरून दोन्ही हात वर केले. थोरलीच्या पुढ्यात पोरीची पाठ होती. प्रत्येक ओढीला डावीकडे श्वास तुटत होता, आणि तरी ती ओढत होती. थोरलीला आनंद होत होता आणि ऐकूही येत होतं, दोन्ही एकाच वेळी. धक्क्याला लागल्यावर पोरीला आपली वल्ही उचलता आली नाहीत. तिने थोरलीकडे बघून हसून दाखवलं. थोरलीने चारी वल्ही काखेत घेतली, जागेवर ठेवली, आणि ओल्या कपड्यांनिशी डॉक्टरच्या खोलीत गेली.

बरगडीला चीर निघाली. डॉक्टरने समजावून सांगितलं की अंगाला पुरेसं खायला मिळालं नाही की अंग आधी पाळी बंद करतं, आणि मग हाडं कच्ची पडतात. तशात रोज वल्हं ओढलं तर दुसरं काय होणार. हा मोसम बंद, घरी जाऊन खायचं, झोपायचं. थोरलीवर ती रागावली नाही. झोप लागते का, एवढंच विचारलं. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि सवयीने थोरली म्हणाली, लागते.

नौकाघरात सरांनी काट्याच्या कडेवर बसून थोरलीकडून सगळं ऐकून घेतलं. "दोघींना एकत्र उभं मी करत होतो," ते म्हणाले. नंतर थोरलीकडे बघून म्हणाले, "तुझं वय मला माहीत नव्हतं होय? पाळी गेली म्हणून तुला कोण काढणार होतं? मला नाव पुढे गेल्याशी मतलब." ती इतके महिने ज्याला भीत होती ते कुठे नव्हतंच. पण आता तिला काट्यावर एकटीने उभं राहावं लागलं, आणि काट्याने जे दाखवलं त्याला पुरेल इतकी हलकी जोडीदारीण मिळणं शक्य नव्हतं. ती पुन्हा राखीव झाली. कुणी तसं म्हणालं नाही. तिने आपणहून मुलींच्या पिशव्या उचलायला सुरुवात केली.

शेंडेफळ तिच्याशी बोलेनाशी झाली. बोलली ती एकदाच, बॅग भरताना, मागे न वळता. "तुमची संपली म्हणून माझंही संपवलंत." थोरलीने तिचे मोजे जोड्या लावून बॅगेत ठेवले.

बसथांब्यावर तिची बॅग थोरलीनेच नेली, कारण पोरीला काही उचलायची बंदी होती. सकाळची वेळ, लोक आपापल्या कामाला निघालेले. दोघी बाकावर बसल्या, मध्ये बॅग. थोरलीने डब्यात अंडी उकडून आणली होती आणि डबा कसा द्यावा हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिने तो बॅगेवर ठेवून दिला. शेंडेफळ बराच वेळ डब्याकडे बघत राहिली, मग तिने तो उघडला आणि एक अंडं खाल्लं. मग दुसरं.

बस आली. थोरलीने बॅग चढवली आणि खाली उतरली. पोरगी पायरीवर थांबली होती, मागची माणसं कुरकुरत होती.

"परत येईल ना?" तिने विचारलं. "नक्की?"

"तुझी येईल," थोरली म्हणाली.

एवढंच ती म्हणाली. शेंडेफळ तिच्याकडे बघत राहिली, आणि त्या दिवशी खोलीत जे तिला कळलं नव्हतं ते आता तिच्या चेहऱ्यावर उमटताना थोरलीला दिसलं. पोरगी पायरीवरून खाली उतरली. चालकाने भोंगा वाजवला.

"आणि तुझी, ताई?"

"माझं काय घेऊन बसलीस," थोरली म्हणाली, पण तोवर पोरीने तिच्या गळ्यात हात टाकले होते आणि रडायला लागली होती, बस, माणसं, भोंगा, कशाचंच भान न ठेवता. आपल्यासाठी कुणी रडावं याची थोरलीला सवय नव्हती. तिला पोरीला घट्ट, अगदी घट्ट धरायचं होतं. पण डाव्या बाजूला बरगडी होती, म्हणून तिने नुसते हात टेकवले.